युरोपला न्यायच्या वस्तू

हॉटेलात फुकट मिळणारा नाश्ता माणसाने पोटभर खावा, माझी ना नाही. पण उकडलेली अंडी आणि पाव बायकोच्या पर्समध्ये कोंबून आणायचे, दुपारी बागेत बसून खायचे, आणि वर ते चाळीस माणसांना शहाणपण म्हणून शिकवायचं? शी! जयप्रकाश शिकवत होता. बहरीनमधल्या सनद भागात, त्याच्या घरी, शुक्रवारी संध्याकाळी, भिंतीवर पांढरी चादर लावून स्लाइड दाखवत.

जयप्रकाश तिथल्याच सित्रा भागातल्या एका कारखान्यात फोरमन. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात युरोप करून आला आणि बहरीनच्या आमच्या कोकणी लोकांत त्याचा भाव एकदम वधारला. रजेत गावी न जाता युरोपला गेलेला आमच्यातला तो पहिला. दुसरे आम्ही. पुढच्या महिन्यात मी, माझा नवरा शिवदास आणि माझी आई मथुरा असे तिघे निघणार होतो. म्हणून आमचे हे पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते आणि परीक्षा असल्यासारखं एकेक वाक्य उतरवून घेत होते.

आईला न्यायचं हा माझा हट्ट. तिने जन्मात मालवणच्या पलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. मुद्दाम एवढ्यासाठी मी तिला अडीच महिन्यांपूर्वीच बहरीनला आणलं होतं. मला वाटलेलं, हे कुरकुर करतील. पण एका शब्दात हो म्हणाले! असा जावई शोधून सापडायचा नाही, असं मी चार घरी सांगून आले होते.

तर जयप्रकाशच्या टिपा. तिकडच्या संडासात पाणी नसतं, प्लास्टिकचा मग न्या. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेणारा मूर्ख. एका गावाहून दुसऱ्या गावाला रात्रीच्या गाडीनेच जा, हॉटेलचं भाडं वाचतं. सूप मागवलंत तर आत कुठला प्राणी आहे ते आधी विचारा. इथवर ठीक होतं. मग आली शेगडी. खोलीत शिजवायला बंदी असते, म्हणून विजेची शेगडी बाथरूममध्ये लावा. दाराच्या फटीत ओला टॉवेल खुपसा, फोडणीचा वास बाहेर जात नाही. लोक हसत होते, माना डोलावत होते. माझ्या डोळ्यांपुढे कमोडच्या शेजारी शिजणारा भात आला आणि हातातला वडा मी बशीत ठेवून दिला.

पुढची टीप त्याने जरा आवाज खाली आणून, घरातलं गुपित सांगावं तशी सांगितली.

"वडीलधारं एक माणूस बरोबर न्याच. त्यांना चालवत नाही, म्हणजे म्युझियमचं एक तिकीट वाचतं. सामानाला राखण होते. आणि आपण दिवसभर फिरून आलो की ताट तयार."

कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. मगापासून मग, टॉवेल, सूप सगळं लिहून घेणाऱ्या माणसाने ही टीप लिहून घेतली नाही. पेन बंद करून खिशाला लावलं होतं. ती त्यांना आधीच ठाऊक होती.

शंभरेक स्लाइड झाल्या असतील. त्यात जयप्रकाशची आई, गोदाबाई, एकदाच दिसली. पलंगाच्या कडेला, मांडीवर परात घेऊन. ती स्लाइड त्याने झटकन पुढे ढकलली. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गोदाबाई तिथे ओट्याशी उभी राहून चाळीस माणसांचे वडे तळत होती. तिला विचारलं, युरोपात काय काय बघितलंत?

"मी खय गेलंय बघूक?" ती म्हणाली. "समोर एक भिंत होती. ती बघीत बसलंय."

मग तिने हळूहळू सांगितलं. कुणी दार ठोठावलं तर आवाज करायचा नाही, शेगडी टबात ठेवायची आणि पडदा ओढून आपणही टबात उभं राहायचं, असं तिला शिकवून ठेवलेलं. एक दिवस शेगडीने फ्यूज उडाला. हॉटेलवाले दार बडवायला लागले. पंच्याहत्तर वर्षांची बाई, गरम पातेलं पदरात धरून, पडद्याआड टबात उभी राहिली. मुलगा संध्याकाळी परत आला तेव्हा आधी ओरडला, की आमटी का नाही झाली. हे सांगताना ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वडे उलटत होती.

मी तडक बाहेर आले. मी ह्यांना उठवलं आणि गाडीत बसवलं. रस्ताभर मी बोलले. हे समजावायला लागले. आईंना बाहेरचं चालत नाही, त्या तिकडे उपाशी राहतील, त्यांना करायची हौसच आहे, आणि तुला आधी सांगितलं असतं तर तू असाच तमाशा केला असतास. मी म्हटलं, शेगडी येणार नाही.

"मग आईही येणार नाहीत," हे म्हणाले. "त्यांना मी रोज हॉटेलात कुठे घालू? खलास, विषय संपला."

"आई येणार," मी म्हटलं. "पाव खाईल, केळी खाईल, पण चार माणसांसारखी बाहेर फिरेल."

घरी पोचलो तर आईने पानं घेतलेली. भात, आमटी, तळलेली सुरमई. ती आल्यापासून हे असंच चाललेलं. मी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, शिफ्ट करून येते, हात धुते आणि ताटावर बसते. चपलासुद्धा न काढता मी तिला सांगून टाकलं की शेगडी न्यायची नाही, तू तिकडे एक दिवस स्वयंपाक करायचा नाहीस. मला वाटलं, ती खूश होईल.

ती घाबरली.

"शेगडी नाय तर मी थय येवन करू काय?"

"बघूक ये, आई."

"माका काय बघूक येता, बाय? अडीच म्हयने झाले हयसर येवन. ह्या बेटार समुद्र खयच्या बाजूक आसा, ता पण माका म्हायत नाय."

टोमणा नव्हता तो. तिने खरंच जे होतं ते सांगितलं. समुद्र आमच्या दारापासून गाडीने सात मिनिटांवर. हे खाली मान घालून सुरमईचे काटे काढत होते, आणि शेजारी माझंही ताट तयार होतं.

मी म्हटलं, पायात घाल काहीतरी, आत्ताच्या आत्ता जाऊया.

"आदी जेव," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला. मला भूक लागली होती. मी जेवले.