पुढचं उजवं चाक

"बाबा, सरा ना बाजूला! पायावर घालू का गाडी?" जितेंद्रने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

आत्माराम दोन पावलं मागे सरला. पांढरी फियाट केळीच्या कडेने मागे आली, एकदा खोकली आणि रस्त्याला लागली. बॉनेटला पांढऱ्या रिबिनी बांधल्या होत्या. मागच्या सीटवर नवरी होती, शेजारच्या कार्मिनची मुलगी सालोमी, आणि तिला खेटून कार्मिन स्वतः. पुढे जितेंद्रच्या बाजूला आत्मारामची नात उन्नती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी जाऊन ती बसली होती.

"दादा, मागून या हां लगेच," कार्मिन ओरडली. "तुमच्याबिगर फोटो नाय काढायचा!"

निर्मळच्या या आळीतली मुलगी, मग ती कुणाच्याही घरातली असो, लग्नाला आत्मारामच्या फियाटमधूनच जायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिली कार्मिन गेली आणि रीत पडली. आज तिचीच मुलगी निघाली होती, गासच्या चर्चला. तसं काही लांब नाही.

गाडी वळणाआड गेली. आत्माराम शेडमध्ये आला. कपडे बदलून त्याला सुनेच्या स्कूटरवरून मागून जायचं होतं. त्याआधी कालची हत्यारं उचलावीत म्हणून तो वाकला आणि त्याला पाना दिसला. पाना खाली पडला होता. बाजूला काचेची बरणी होती, तिच्यात रबरी नळी तशीच. आणि गाडीचं पुढचं उजवं चाक जिथे होतं, तिथे मातीवर ओला काळा डाग होता.

त्याने डागाला बोट लावलं. बोट बोटावर घासलं. ब्रेकचं तेल.

त्याने पाना उचलला.

काम संपलं की पाना भिंतीवरच्या खिळ्याला लावायचा. हा नियम यमुनेचा, त्याच्या बायकोचा. खिळ्याला पाना नाही म्हणजे काम संपलेलं नाही, असं ती म्हणायची. आणि जेवायला वाढायची नाही.

ब्रेकची हवा काढणं हे एकट्याचं काम नव्हे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर पेडल पोकळ होतं. ती काढायला एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, पान्याने ढिला करायचा. तेलाबरोबर हवा बुडबुडत बाहेर येते. मग निपल आवळायचा आणि तो आवळेपर्यंत आतल्या माणसाने पेडल सोडायचं नाही. आत नेहमी यमुना बसायची.

"दाब."

"दाबलंय."

खाली पाना वाजायचा. मग ती विचारायची, "आवळलं?"

"आवळलं."

तेव्हाच तिचा पाय निघायचा. चारही चाकांना असंच. गोखिवऱ्याच्या कारखान्यात आत्माराम फिटर होता. भंगारात निघालेली ही गाडी त्याने आणली, तेव्हा तिच्यात कोंबडी अंडी घालत होती. सुटीच्या दिवशी तिला उभं करता करता दोघांचं अर्धं आयुष्य गेलं. यमुनेला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळायचं, की "आवळलं" ऐकल्याशिवाय पाय काढायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली.

काल त्याने हवा एकट्याने काढली होती. नळी बरणीत सोडायची, निपल ढिला करायचा, उठून आत बसायचं, पेडल मारायचं, परत उतरून खाली बसायचं आणि आवळायचं. प्रत्येक खेपेला गुडघे ओरडत होते. मागची दोन्ही चाकं झालेली त्याला आठवत होती. पुढचं डावंही आठवत होतं, तिथे हाताला ओरखडा आला होता. चौथ्या चाकाचा निपल ढिला केलेला आठवत होता. पेडल मारलेलं आठवत होतं. मग उन्नती चहाला बोलवायला आली. मग चहा आठवत होता.

मधलं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

त्याने डोळे मिटून पाहिलं. हात डोळ्यांसमोर आणले. काही नाही. मागच्या महिन्यात तो सायकल घेऊन बाजारात गेला आणि चालत परत आला होता. जितेंद्र तेव्हा हसला होता, पण रात्री जेवताना म्हणाला होता, "बाबा, सालोमीचं लग्न झालं की गाडी काढून टाकू. खूप झालं आता."

"स्वप्ना!" तो घराकडे धावला. धावणं कसलं, पाय ओढत गेला. "स्वप्ना, जितूला फोन लाव!"

सून आरशासमोर पदराला पिन लावत होती. "काय झालं? नवरीला विसरून गेला का?"

"लाव म्हणतो ना!"

तिने फोन लावला. आतल्या ओट्यावर चार्जरला लावलेला जितेंद्रचा फोन वाजायला लागला.

"घ्या," स्वप्ना म्हणाली. "तुमच्या खानदानातच आहे हे विसरणं."

आत्माराम दारात उभा राहिला. हातात पाना होता. सांगितलं तर गाडी गेली. नुसती गाडी नाही. उद्यापासून गॅसला हात लावू देणार नाहीत, उन्नतीला घेऊन तळ्यावर जाऊ देणार नाहीत. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतील. काहीतरी थाप मारून तिला स्कूटर काढायला लावावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"ब्रेक," तो म्हणाला. "पुढच्या चाकाचा निपल आवळलाय की नाही, मला आठवत नाही."

"म्हणजे?"

"ढिला राहिला असेल तर तेल बाहेर जातं. आधी ब्रेक लागेल. मग दर वेळी दाबलं की पेडल खाली खाली जाईल. मग लागणारच नाही."

स्वप्नाने पिन दातात धरली होती. ती तिने काढली.

"उन्नती आहे ना त्यात," ती म्हणाली, आणि किल्ली घेऊन बाहेर पळाली.

स्कूटर निघाली. आत्माराम मागे बसून तिच्या फोनवरून कार्मिनला लावत होता. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. गाडी गेली होती तोच, वाडीतून जाणारा आतला रस्ता स्वप्नाने धरला. दोन्ही बाजूंनी केळी, मध्ये एक गाडी मावेल एवढी वाट. समोरून फुलांच्या करंड्या लादलेली सायकल आली.

"ओ काका, साइड द्या ना! मरायचंय का?"

"लग्नाला चाललीस की आग विझवायला?" सायकलवाला म्हणाला आणि करंड्या सांभाळत केळीत शिरला.

आत्माराम रस्त्याकडे बघत होता. तेलाचे थेंब दिसतात का बघत होता. प्रत्येक ओला डाग त्याला तेलाचा वाटत होता. कुठे पंपाचं पाणी सांडलेलं असायचं, कुठे गाईने घाण केलेली. पुढे बावखल होतं, वाडीला पाणी देणारं जुनं खोल डबकं, आणि रस्ता त्याच्या काठावरूनच काटकोनात वळत होता. कठडा कधीचा पडलेला. तिथे ब्रेक दाबावाच लागतो. उन्नतीला खिडकीतून हात बाहेर काढायची सवय आहे, हे त्याला आठवलं. नको ते सगळं नीट आठवत होतं.

बावखलाच्या वळणावर माणसं उभी होती.

बरीच होती. पाण्याकडे तोंड करून. एक बाई कपाळाला हात लावून बघत होती.

"बाबा," स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज त्याने असा कधी ऐकला नव्हता.

स्कूटर थांबायच्या आत आत्माराम उतरायला गेला आणि पडता पडता राहिला. माणसं वळली. "काय रे? काय झालं?" त्याने विचारलं.

"काय नाय, क्लाराचा बदक बावखलात गेलाय, निंगतच नाय," ती बाई म्हणाली. "तुमी हितं कसे आत्मारामदादा? तुमची गाडी गेली ना मगाशी. सालोमी काय दिसत होती!"

"नीट गेली?"

"नीट म्हंजे? जोरात गेली."

स्वप्नाने पदराने तोंड पुसलं. बसा, एवढंच म्हणाली.

चर्चच्या आवारात फियाट आंब्याखाली उभी होती. बँड वाजत होता. नवरी आत गेली होती. उन्नती बॉनेटला टेकून वेफर्स खात होती. स्वप्नाने जाऊन तिला इतकं जोरात जवळ ओढलं, की वेफर्स सांडले.

"मम्मी! काय यार!"

आत्माराम सरळ पुढच्या उजव्या चाकाशी गेला. लग्नासाठी काढलेली पँट त्याने अजून घातलीच नव्हती, कालचीच होती, ते बरं झालं. तो गुडघ्यांवर बसला, मग कोपरावर आडवा झाला. हात चाकाच्या मागे घातला. बोटांनी निपल शोधला.

कोरडा होता.

त्याने पाना लावला. हलला नाही. घट्ट होता. आणि पाना लावायच्या आधी बोटांना आणखी एक गोष्ट लागली होती. निपलच्या तोंडावर छोटी रबरी टोपी बसवलेली होती. आवळून झाल्यावर, तेल पुसून, सगळ्यात शेवटी बसवतात ती.

म्हणजे कुणीतरी निपल आवळला होता, नळी काढली होती, निपल पुसला होता, टोपी बसवली होती. नळी काढताना सांडलं असेल ते खाली सांडलं होतं. हे कुणी केलं? त्यानेच. दुसरं आहे कोण?

आनंद व्हायला हवा होता. तो तसाच आडवा पडून राहिला. निपल ढिला निघाला असता, तर तो आवळता आला असता. पाना हातात होताच. या न आठवण्याला काय आवळायचं, ते त्याला कळेना.

"बाबा?" जितेंद्रचे बूट चाकाशी आले. "काय करताय? कपडे पण नाही बदललेत?"

स्वप्ना पुढे आली. "रुमाल पडला त्यांचा," ती पटकन म्हणाली.

आत्मारामने तिच्याकडे पाहिलं. मग उठायला गेला, पण गुडघा उलगडेना. जितेंद्रने काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"रुमाल नाही," आत्माराम म्हणाला. "निपल आवळला की नाही ते आठवत नव्हतं. म्हणून आलो."

जितेंद्रने गाडीकडे पाहिलं. उन्नतीकडे पाहिलं. "आवळलाय?"

"आवळलाय. पण मला आठवत नाही."

"अहो मग झालं ना. होतं असं."

"अजून आठवत नाही, जितू. आत्ता बघितलं तरी आठवत नाही."

जितेंद्रने काखेतला हात काढला नाही. बँड थांबला होता. चर्चच्या दारातून कुणीतरी हाका मारत होतं, आत्मारामदादांना बोलवा म्हणून. आत्मारामने पाना जितेंद्रच्या हातात दिला. जितेंद्रने तो घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून कोटाच्या खिशात घातला.

गाडी कुणी विकली नाही. तशी तिच्याबद्दल कुणी बोललंही नाही. ती शेडमध्ये उभी राहिली आणि पाना खिळ्याला. आत्माराम रोज जायचा, तिला पुसायचा, पान्याला हात लावायचा नाही. पुसताना एकेक भागाचं नाव मनाशी घ्यायचा. एखादं नाव चटकन आलं नाही, की फडकं तिथेच थांबायचं. नाव आलं की तो पुढे सरकायचा. कधी ते यायचंच नाही.

नाताळच्या आधी कार्मिन सांगून गेली, इनेझचं ठरलंय. सालोमीची धाकटी.

पुढच्या रविवारी स्वप्ना जुना गाऊन घालून, केस वर बांधून शेडमध्ये आली आणि तिने खिळ्यावरून पाना काढला. "चला. कसं करायचं सांगा. एकदाच सांगा, मी विसरत नाही." मग तिने जीभ चावली.

आत्माराम हसला. त्याने तिला निपल दाखवला, नळी कशी लावायची ते दाखवलं. ती चाकाशी खाली बसली. आता तो कुठे उभा राहणार? सवयीने तो तिच्या शेजारी वाकायला गेला.

"तुम्ही आत बसा, बाबा," ती म्हणाली.

तो आत गेला. दुसऱ्यासाठी पेडल धरायला तो पहिल्यांदाच बसला. सीटवर यमुनेने शिवलेली गादी होती. बसल्यावर चाक दिसत नव्हतं, स्वप्ना दिसत नव्हती. फक्त भिंत दिसत होती आणि रिकामा खिळा.

"दाबा."

त्याने दाबलं. "दाबलंय."

खाली पाना वाजला. पेडल पायाखाली हळूहळू जात राहिलं. ते तळाशी गेलं आणि त्याने तसंच धरून ठेवलं. मांडी भरून आली. पोटरी थरथरायला लागली. इतकं धरून ठेवावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. ती काही बोलत नव्हती. की बोलली होती? बोलली आणि आपल्या डोक्यातून गेलं? त्याने दोन्ही हातांनी स्टेअरिंग पकडलं.

"आवळलं?" त्याने विचारलं.

"थांबा हं, बाबा."

तो थांबला. पाय थरथरत होता, पण त्याने तो काढला नाही.