पाहुण्याच्या वस्तू

“मावशी, कागदावर या घरात कुणी राहत नाही,” इव्हानो म्हणाला. लोरेदानाच्या स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीवर बसून, तिचीच कॉफी पीत.

“मग कॉफी कुणी केली? भुतानं?”

“वर्षभरात चार घनमीटर पाणी. वीज नावाला. रिकाम्या घराचा आकडा आहे हा.”

लोरेदाना शाळेत स्वयंपाकीण. जेवण तिथे, आंघोळ तिथे. घरी लाकडाची चूल, कपडे गावच्या हौदावर. नवरा तुलिओ खाली बंदरात जहाजं जोडतो आणि तिथेच त्याच्या आईनं मागे ठेवलेल्या दोन खोल्यांत राहतो. पंधरवड्यातून एका रविवारी वर येतो. पोट दोन गावांत, म्हणून संसार दोन घरांत. कोर्टानं आता नवरा-बायको दोघांच्याही घरांची घरपट्टी माफ केली, पण दोघं खरंच वेगळी राहत असतील तर. समुद्रकाठच्या बंगल्यात बायकोला फक्त कागदावर बसवणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही. विचारतात ते पाणी जपून वापरणाऱ्या बाईला. माफी गेली तर पाच वर्षांची पट्टी दंडासकट. म्हणजे बापानं बांधलेलं हे घर विकायचं.

“माझ्या चुलीचा धूर रोज तुझ्या खिडकीत येतो की रे!”

“येतो. पण धुराला मीटर नसतो, मावशी. म्हणून तर नगरपालिकेनं मला पाहणीला धाडलं.”

त्यानं चूल पाहिली, सरपण मोजलं, खाटेवरची एकच उशी टिपून घेतली. न्हाणीघरात थबकला.

“हा वस्तरा?”

“तुलिओचा. तुला काय वाटलं, मी दाढी करते?”

इव्हानो हसला नाही. खाटेखाली मोठ्या मापाच्या सपाता होत्या, दारामागे पायजमा.

“हे लिहिलं तर वरचे म्हणतील, तुलिओ इथेच राहतो. मग त्याच्या खोल्यांची माफी जाईल. मी येणार हे ठाऊक होतं ना? आधी लपवायचं तरी!”

“कुणाला लपवू? नवऱ्याला? एकतीस वर्षं झाली लग्नाला. चोरी नाही केली मी.”

इव्हानो पेनचं टोपण चावत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “‘पाहुण्याच्या वस्तू’ असं लिहितो. तुमचं घर राहील, त्याच्या खोल्याही राहतील.”

लोरेदानानं पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

“लिही.”

त्यानं लिहिलं. तिनं चष्मा लावून ओळ पुरती वाचली आणि खाली सही केली.

संध्याकाळी तिनं तुलिओला फोन लावला. “वाचली. दोन्ही घरं.”

“शाब्बास! आणि माझ्याबद्दल काय लिहिलं?”

“पाहुणा.”

तो मोठ्यानं हसला. मग हसणं थांबलं. त्याच्या बाजूला कुठेतरी पत्र्यावर हातोडा पडत होता.

“लोरे,” तो म्हणाला, “रविवारी मी येऊ ना?”