काकूंनी टोचलेला दंड

नर्स असलेली प्रेमलता देवीची लस द्यायला दिवसाला दोनशे दंड टोचायची आणि प्रत्येकाला तीच थाप मारायची: "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." बाईंना हे माहीत कुठून असणार? त्यांनी स्वतः देवी कधी टोचून घेतलीच नव्हती.

लहानपणी नागपूरला देवी टोचणारा आळीत शिरला, की ही माळ्यावर चढून बसायची. पुढे नर्सिंग शिकताना एका मैत्रिणीनं भिडेपोटी रजिस्टरात 'टोचली' असं लिहून टाकलं आणि प्रश्न मिटला. कुणाला पालीची भीती वाटते, कुणाला विहिरीची. हिला त्या टोचणीची वाटायची. बोटभर दांडी, टोकाला टिकलीएवढी चकती आणि चकतीला बारीक काटे. दुसऱ्याच्या दंडावर ती सराईतपणे फिरायची. स्वतःच्या दंडाचा विचार आला, की ती टोचणी घाईनं डबीत ठेवून द्यायची.

ते अठ्ठावन्न साल होतं आणि कलकत्त्यात देवीची साथ जोरात होती. एस्प्लनेडजवळच्या दवाखान्यातून लशीचा थर्मास घेऊन प्रेमलता भवानीपुरात घरोघर फिरत होती. कामावरून परतताना ती तिथल्याच एका मराठी घरी, कालिंदीकाकूंकडे डोकवायची. काकूंचा जन्म कलकत्त्यातला. पुणं त्यांनी लग्नकार्यापुरतं पाहिलेलं. एकटीनं राहणाऱ्या या मुलीला त्यांनी घरचीच मानली होती. काकूंची नात वृंदा सात महिन्यांची. प्रेमलता हातपाय धुऊन आधी तिला उचलायची, मग चहा.

वृंदाला अजून लस नव्हती आणि प्रेमलताच्या जिवाला तोच घोर होता. काकूंपासून दोन घरं सोडून घोषबाबूंच्या मुलाला देवी आल्या होत्या.

"काकू, उद्या टोचूया?"

"घरात चैत्रगौर बसलीय. अक्षय्यतृतीयेपर्यंत माझ्या घरात कुणाच्या अंगातून रक्त काढायचं नाही. सासूबाईंपासूनचा नेम आहे."

"तोवर अजून पंधरा दिवस आहेत."

"मग पंधरा दिवसांनी ये."

काकूंची सून लीना दाराआडून प्रेमलताकडे नुसती बघायची. सासूपुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती.

शेवटी प्रेमलतानं बेत केला. शुक्रवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या मराठी बायका एका ठिकाणी सापडणार. एकीनं हात पुढे केला की बाकीच्या करतील आणि काकूंना माघार घ्यावी लागेल. ती दवाखान्यातून थेट गेली, थर्मास आणि पिशवीसकट. एवढा विचार केला, पण हॉस्टेलात वर्षं काढलेल्या बाईला एक गोष्ट आठवली नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला हाताला चंदन लावतात.

कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. काकू चंदनाची वाटी आणि शिंपला घेऊन फिरू लागल्या. हातभर चंदन लावायचं आणि त्यावर शिंपल्यानं रेघा ओढायच्या, यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. प्रेमलतापुढे येऊन त्या थांबल्या.

"ही लांब बाही काय कामाची? भरेल सगळी." आणि त्यांनी ती खांद्यापर्यंत सारली.

गोरापान दंड. काकूंनी तो एकदा बघितला, मग दुसरी बाही सारून दुसरा बघितला.

"तुझा टोचल्याचा वण कुठंय गं?"

आता खोटं बोलणं शक्य होतं. लहानपणी टोचलं, पण फोड उठलेच नाहीत, असं सांगता आलं असतं. पण लीना वृंदाला घेऊन समोरच उभी होती.

"मी टोचून घेतलेलीच नाही, काकू. भीती वाटते मला."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "दिवसभर त्या रोग्यांच्या घरात हिंडतेस. आणि येऊन माझ्या नातीला उचलतेस."

प्रेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं. तिनं पिशवी उघडली. टोचणी बाहेर काढली, स्वतःच्या दंडापर्यंत नेली आणि मग काकूंपुढे धरली.

"काकू, तुम्ही टोचा. तुमचा हात स्थिर आहे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग झोपाळ्यातल्या गौरीकडे. शिंपला वाटीत ठेवला.

"लीना," त्या म्हणाल्या, "देवीचं तोंड जरा भिंतीकडे कर."

प्रेमलतानं दंड धुऊन कोरडा केला. टोचणी दिव्याच्या ज्योतीवर धरली आणि निवू दिली. कातडीवर लशीचे चार थेंब ठेवले आणि काकूंना दाखवलं: इथं टेकवायची, जरा दाबायची, एक वेढा द्यायचा. काकूंनी पदर खोचला आणि चंदनाच्या रेघा ओढाव्यात तितक्या नेटकेपणानं चार वेढे दिले. प्रेमलतानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"झालं?"

"कधीच. मुंगी चावल्यासारखं का गं?"

"नाही. चांगलं दुखतं."

यावर सगळ्या हसल्या आणि काकूंनी स्वतःचा दंड पुढे केला. "मग लोकांना खरं सांगत जा. घे, आता मला." पाठोपाठ रांग लागली. वृंदानं घर डोक्यावर घेतलं, पण तिचंही झालं.

त्या दिवसापासून प्रेमलता काकूंकडे गेली नाही. जायला तोंडच नव्हतं. शिवाय दंड टरारून सुजला होता आणि अंगात कसकस होती.

आठव्या दिवशी काकू वृंदाला कडेवर घेऊन हॉस्टेलचे दोन जिने चढून आल्या. प्रेमलता उठू लागली तशी त्या म्हणाल्या, "आधी बाही वर कर."

त्यांनी चष्मा लावून एकेक फोड निरखला. "चारही उठलेत. लस लागली म्हणायची. भवानीपुरात सगळ्यांना सांगितलंय मी, नर्सबाईला कुणी टोचलं ते."

मग त्यांनी वृंदाला प्रेमलताच्या मांडीवर दिलं. "धर. आठ दिवस झाले, संध्याकाळ झाली की दाराकडे बघत बसते."

प्रेमलतानं चांगल्या हातानं तिला छातीशी धरलं. वृंदाच्या इवल्याशा दंडावरही फोड उठले होते.