सोयाबीनवर पडलेल्या फ्लेक्सची मुलाखत

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. सध्या हदगावजवळच्या एका शेतात सोयाबीनच्या बनिमीवर पडून असतो. बनीम म्हणजे कापून रचलेला ढीग. मळणी होईपर्यंत तो भिजू नये म्हणून मला त्यावर अंथरलं आहे. चारी कोपऱ्यांवर दगड, वरून ऊन, खालून शेंगांची टोचणी. तक्रार करतो असं समजू नका, पण आता कंटाळा आलाय हे खरं.

माझा जन्म नांदेडचा. हणमंतरावांच्या दुकानात मोठ्या यंत्रातून मी बाहेर आलो, तेव्हा अंगाला शाईचा उग्र वास येत होता. त्या यंत्रातून रोज वाढदिवसाचेच फ्लेक्स निघायचे. वर एक भला मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि कुणाचा चेहरा कुणापेक्षा बोटभर लहान झाला की दुकानात भांडण ठरलेलं. मी त्यांच्यातला नव्हतो. हदगावात डोळे तपासणीचं मोफत शिबिर होणार होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशनही फुकट होणार होतं. ते लोकांना कळावं म्हणून मला छापलं होतं.

मला घडवलं अयोध्यानं. ती किनवटकडची. वसतिगृहात राहून शिकली, नांदेडात डिझाइनचा कोर्स केला आणि हणमंतरावांकडे कामाला लागली. तिनं माझ्यावर एकही चेहरा ठेवला नाही. फिकट निळं आभाळ, त्यात एक मोठा शांत डोळा, आणि खाली पांढऱ्या नाजूक अक्षरांत मजकूर.

"एवढी जागा रिकामी सोडून राहिली? गिऱ्हाईक पैसे कशाचे देईल?" हणमंतराव म्हणाले.

"सर, गर्दी झाली की कोणी वाचत न्हाई. राहू द्या ना."

शिबिराच्या डॉक्टरांना मी बघताक्षणी आवडलो, म्हणून मालक गप्प बसले.

हदगावच्या बसस्टँडसमोर मला उंच बांधलं. काय सांगू, काय दिवस होते! कॉलेजची पोरं थांबायची, मास्तर लोक मान वर करून बघायचे. "एक नंबर झालाय!" असं मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या डोक्यात हवा गेली. डॉक्टरांनी माझा फोटो इंटरनेटवर टाकला. मला वाटलं, आपल्यासारखं चांगलं काम नांदेड जिल्ह्यात दुसरं झालंच नसेल.

शिबिर झालं आणि कौतुक आटलं. मला सोडवायलासुद्धा कोणी येईना. वाऱ्यानं एक कोपरा सुटून मी खांबावर फडफडत होतो, तेव्हा शिवलिंग नावाच्या शेतकऱ्यानं मला उतरवलं. "काकूच्या बनिमीला कामाला येईल," एवढंच तो म्हणाला. त्याची काकू म्हणजे मनकर्णाबाई. तिनं मला उलटं अंथरलं, तोंड खाली, पाठ वर. तसाच दोन सुगी पडून होतो. तोंडात सोयाबीनचा भुसा, दुसरं काही नाही.

यंदा एका दुपारी बांधावरून धापा टाकत कोण आलं असेल? अयोध्या! बसस्टँडवर चौकशी करून तिनं शिवलिंगला शोधून काढलं होतं, तोही बरोबर होता. मला फार आनंद झाला, पण तिचा चेहरा बघून तो लगेच मावळला. पोर अगदी रडकुंडीला आली होती.

तिनं मनकर्णाबाईला सगळं सांगितलं, ते मीही ऐकलं. हल्ली लोक मोबाईलवरच दोन मिनिटांत वाढदिवसाचा बॅनर करतात, म्हणून दुकान बसत चाललं होतं. "दिवाळीनंतर दुसरीकडं बघ," असं हणमंतरावांनी तिला सांगून टाकलं होतं. आणि नेमका पुण्याहून एका कंपनीचा फोन आला. ही कंपनी दवाखान्यांच्या पाट्या आणि फलक तयार करते. तिथं डिझाइनची माणसं निवडायचं काम पुनम मॅडमकडे आहे. मॅडम मूळच्या औशाच्या. त्यांनी इंटरनेटवर माझा फोटो बघितला, कोपऱ्यातला दुकानाचा नंबर लावला आणि विचारलं, हे कोणी केलं?

"मॅडम म्हणल्या, इंटरनेटवरून उचललेली चित्रं मला लई जण पाठवतात. मला छापलेली वस्तू दाखवा अन् तिच्यासमोर उभं राहून बोला. आज चार वाजता व्हिडिओ कॉल हाय, मावशी. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून जुनी कामं कधीच पुसली. माझ्याकडं दाखवायला हा एकच राहिला. हे काम न्हाई लागलं तर मला गावाकडं परत जावं लागतं."

मनकर्णाबाईनं आभाळाकडे हात केला. "ढग भरून आलेत, अन् तू माझी बनीम उघडी करून राहिली? वर्साचं पीक हाय माय ते!"

"उघडी न्हाई करत. नुसता उलटा करू. झाकलेलं तं राहील."

म्हातारी कुरकुरली, पण हो म्हणाली. शिवलिंगनं आणि अयोध्यानं मला धरून पालथ्याचं उताणं केलं. दोन वर्षांनी तोंडावर उजेड पडला. रंग जरा विटला होता, एक घडी चिरली होती, पण माझा डोळा शाबूत होता. मी म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, पोरीच्या उपयोगी पडू.

कॉल लागला. पुनम मॅडमनी मला नीट बघितलं आणि मग एकेक विचारत गेल्या. चेहरे का नाही टाकले? मालकांना कसं पटवलं? हाच निळा का घेतला? अयोध्यानं फाडफाड उत्तरं दिली. मला तिचा अभिमान वाटत होता.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी केला, त्यांच्यापर्यंत तो पोचला का?"

"हो मॅडम. सगळ्यांनी लई कौतुक केलं."

"कौतुक नाही विचारलं मी."

तेवढ्यात मनकर्णाबाई मधेच बोलली. ती बांधावर बसून इकडेच बघत होती. "काय हाय गं त्याच्यावर? मला तं निस्तं निळं निळं दिसतं."

अयोध्या वळली. "मावशी, हा हदगावात लावला होता तवा बघितला होता तुम्ही?"

"हाव की! बाजाराला गेले की त्याच्याच खाली टेम्पोची वाट बघत बसायची. रंगाच्या दुकानाचा असंल, वाटलं."

"डोळे तपासायचं शिबिर होतं, मावशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट."

मनकर्णाबाईनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मग मला कोणी सांगितलं का न्हाई गं?"

"काकू, तुला दिसत न्हाई हे तू तरी कवा बोललीस?" शिवलिंग म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती बाई माझ्या सावलीत बसत होती आणि मी वर लटकून आपलं कौतुक ऐकत होतो.

"हॅलो? नेटवर्क गेलं का?" फोनमधून आवाज आला.

हो म्हणून फोन बंद करता आला असता. पुण्यात कोणाला कळणार होतं? अयोध्यानं ओठ चावला, मला वाटलं आता करते बंद.

"न्हाई मॅडम, नेटवर्क हाय. मघाशी मी चुकीचं सांगितलं. ज्यांना डोळ्याचा त्रास, त्यांना हा दिसलाच न्हाई. मी चांगल्या डोळ्यांच्या लोकांसाठी केला. माझ्यासारख्यांसाठी."

"मग आता काय कराल?"

 अयोध्या फोन हातात तसाच धरून मनकर्णाबाईजवळ जाऊन बसली. आपली पिवळी ओढणी काळ्या बॅगेवर धरली. "हे दिसतं का, मावशी?"

"दिसतं की पिवळं. थोरलं असलं की दिसतं."

"अक्षर केवढं पाहिजे? हाताएवढं?"

"अन् थोरलं असून काय करती? बाया वाचत बसत न्हाईत माय, बाया ऐकतात. त्या टेम्पोवाल्याला सांगितलं असतं तं गावभर झालं असतं!"

"मग टेम्पोवरच लावला तर? अन् त्यानं ओरडून सांगायचं?"

"हां, असं!"

दोघी बोलतच राहिल्या. मॅडम फोनवर आहेत हे पोर विसरूनच गेली. बऱ्याच वेळानं फोनमधून आवाज आला, "अयोध्या, मला आता काही विचारायचं नाही. ठेवते."

अयोध्याचा चेहरा उतरला. "गेलं, मावशी," ती म्हणाली आणि डोळे पुसले. तेवढ्यात थेंब पडायला लागले. तिनं माझ्यावरचे दगड नीट ठेवले आणि शिवलिंगच्या गाडीवर बसून गेली. मला वाटलं, पोरीचं वाटोळं माझ्यामुळेच झालं.

आठवड्यानं ती परत आली, ती पेढे घेऊन! पुनम मॅडमनी तिला पुण्याला बोलावलं होतं. "तुम्ही मला विसरून त्यांच्याशी बोलत बसलात, तेव्हाच माझं ठरलं," असं त्या म्हणाल्या म्हणे. पण पुण्याच्या गाडीत बसायच्या आधी ती मनकर्णाबाईला नांदेडच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेली.

काल मनकर्णाबाई काळा चष्मा लावून शेतात आली. लहानपणी ती चौथीपर्यंत शाळेत गेलेली. माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. "मो… फ… त… डो… ळे…" सगळं वाचून झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता दिसून राहिलं. पण बाई गं बाई, इतकं बारीक कोणी लिहितं का?"

खरंच आहे तिचं. मी थकलोय मित्रांनो, मला आता नवं कौतुक नको. तुम्हाला एखादं काम छान दिसलं तर खुशाल "एक नंबर" म्हणा, पण तेवढ्यावर निघून जाऊ नका. शेजारी कोणी गप्प बसलेलं असेल तर त्यांना विचारा, तुम्हाला दिसतंय का? हदगावच्या बसस्टँडवर असं विचारणारं एक माणूस जरी असतं, तरी मनकर्णाबाईची दोन वर्षं अंधारात गेली नसती.