लाल जोड्यांवरचा गरुड

पालिओलोगोस या सम्राटांच्या घराण्याच्या राजवस्त्रांवर दोन डोक्यांचे गरुड भरावेत ते थेओदोटीनेच, असं सगळं कॉन्स्टँटिनोपल म्हणायचं. खरं तर म्हातारीला दिसेनासं झाल्याला बारा वर्षं झाली होती. गरुड भरायची तिची सून अगाथी. "आमच्या सुनेला साधी गाठ मारता येईल तर शपथ!" असं सासू राजवाड्यात हसून सांगे आणि बक्षिसाचं रेशीम स्वतःच्या पेटीत ठेवी.

लाल जोडे घालायचे ते फक्त सम्राटाने. हे ठाऊक असूनही अगाथीने लाल कातड्यावर मोत्यांचे गरुड भरले होते, कारण ते कातडं तिच्या नवऱ्याने, स्तामातिसने, चोरून पाठवलं होतं. तो एका बंडखोर राजपुत्राच्या फौजेत होता आणि जोडे त्या राजपुत्रासाठी होते. सासूला तिने याचा पत्ता लागू दिला नाही. मंगळवारी थ्रेसहून आलेल्या खेचरवाल्याने सांगितलं, बंड मोडलं आणि स्तामातिस मारला गेला. तेही तिने सासूला सांगितलं नाही. काय रडायचं ते परसात रडून घेतलं.

शुक्रवारी दुपारी दोघी खारवलेले मासे नि पाव खात होत्या. तेवढ्यात राजवस्त्रांचा कारभारी दोन शिपाई घेऊन आला आणि त्याने ते जोडे मेजावर ठेवले.

"वा, काय हात आहे! कुणाचा म्हणायचा हा?"

अगाथीने हातातला पाव खाली ठेवला. म्हातारीने मोती नुसते चाचपले आणि मान ताठ केली. "विचारायचं काय त्यात? या घरात दुसरं आहे कोण?"

"तुझाच ना? नक्की?"

"माझाच, बाबा. आंधळासुद्धा सांगेल."

"मग दे तो हात. बंडखोराच्या पेटीत सापडलेत हे."

म्हातारीचं अवसान गळालं. "मी नाही रे! हिनं केलंय! बारा वर्षं हीच भरतेय सगळं!"

कारभारी पोट धरून हसला. "हिला तर गाठ मारता येत नाही ना? तूच सांगत होतीस की!" मग हसू आवरून तो अगाथीकडे वळला. "काय गं, सुई देऊ का हातात?"

अगाथी सासूला सावरायचं निमित्त करून वाकली आणि तिच्या कानाशी लागली. "कातडं तुमच्या लेकानं पाठवलं होतं, सासूबाई. मला धरलं तर त्यांचं नाव सांगावं लागेल. ते जगायला हवेत ना?"

म्हातारीने जन्मात पहिल्यांदा सुनेपुढे हात जोडले. मग उजवा हात जोड्यांशेजारी ठेवला. "माझंच काम," ती म्हणाली. "हिला काही येत नाही."

अंगणातल्या ओंडक्यावर एका घावात काम झालं. अगाथीला दया आली नाही, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर नऊ दिवस म्हातारी तापात होती. शुद्ध आली की विचारायची, "स्तामातिस सुखरूप आहे ना गं?"

"सुखरूप आहेत, सासूबाई," म्हणत अगाथी तिला पेज भरवायची. म्हातारी समाधानाने डोळे मिटायची.

दहाव्या दिवशी ताप उतरला. म्हातारी उठून बसली, डाव्या हाताने पेज प्यायली. अगाथीने वाटी विसळून पालथी घातली, दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मंगळवारपासून.