साक्रीची लाल गाडी

नवलला आता 'नाही' म्हणायचाही कंटाळा आला होता.

गेली चौदा वर्षं त्याला एकच प्रश्न विचारला जात होता. पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, एकदा तर स्मशानातून परतताना. त्याची पांढरी, बसकी, दोन दारांची जपानी गाडी दिसली की कोणीतरी जवळ यायचं, काचेला नाक लावून आत बघायचं आणि विचारायचं, "टर्बो आहे का?" नवल सांगायचा, "नाही." समोरच्याचा चेहरा उतरायचा. एखादा वर म्हणायचा, "मग घ्यायची तर टर्बोवालीच घ्यायची ना!"

गाडी १९९०ची. कोणी इंजिनिअर सिंगापूरहून परतताना ती बोटीनं घेऊन आला होता. तीन मालक झाल्यावर ती भिवंडीच्या एका गोदामात धूळ खात पडली आणि तिथून नवलनं ती आणली. ही गाडी कंपनीनं दोन प्रकारांत काढली होती. एकीत इंजिनाच्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो; तीच टर्बो. दुसरी साधी. रूप तेच, सहा सिलिंडर तेच, जोर मात्र बराच कमी. नवलच्या वाट्याला साधी आली होती.

असोद्याला घर आणि जळगावच्या एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप. दिवसभर लोकांची झिजलेली इंजिनं बोअर करायची, म्हणजे आतून कातून सारखी करायची, आणि रविवारी स्वतःच्या गाडीखाली शिरायचं. त्यानं तिचा सायलेन्सर बदलला, पाइप स्वतः वाकवून बसवले, इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, मुंबईहून घासून आणला, मागची सीट काढून वजन उतरवलं. वर्षभर राबावं तेव्हा कुठे फरक जाणवायचा, तोही त्याला एकट्यालाच. बायको सारिका शेजारी बसली तर म्हणायची, "पहिल्यासारखीच तर आहे. फक्त आवाज वाढलाय." आता नवलला बावन्न वर्षं पूर्ण झाली होती. गाडीखालून उठताना दाराला धरावं लागायचं.

अशात धुळ्याहून भटूचा फोन आला. भटू जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा.

"नवलभाऊ, साक्रीची लाल गाडी आठवते?"

नवलला आठवत होती. खानदेशात तशी दुसरी गाडी एकच होती. सहा वर्षांपूर्वी पारोळ्याच्या अलीकडे एका हॉटेलासमोर ती उभी दिसली होती. मागच्या बाजूला चकचकीत अक्षरं होती, 'टर्बो'. तिचा मालक चहा घेत बसला होता. त्यानं नवलची पांढरी गाडी पाहिली आणि हात अर्धवट वर केला. नवलनंही मान हलवल्यासारखं केलं. पण उतरून काय बोलायचं? आपली साधी, त्याची टर्बो. तो न थांबता पुढे निघून गेला होता.

"तिचा मालक प्रेमराज वारला ना दोन वर्षांपूर्वी," भटू सांगत होता. "काविळीनं. त्याची सासुरवाडी आमच्या गल्लीत, म्हणून कळलं. घरच्यांना शेड मोकळं करायचंय. तुमचं नाव सुचवलं मी. टर्बोचं इंजिन पाहिजे होतं ना तुम्हाला?"

पाहिजे होतं. दहा वर्षांपूर्वी हा फोन आला असता तर नवल त्याच पावली निघाला असता. आता तो हो म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो इंजिन उतरवताना पाठीचं काय होईल याचा.

तरी रविवारी सकाळी वर्कशॉपचा पिकअप घेऊन तो निघाला. एरंडोल, पारोळा, धुळे. पुढे नेर सोडलं तशा पवनचक्क्या दिसू लागल्या. प्रेमराज त्यांच्याच देखभालीच्या कामावर होता, असं भटू म्हणाला होता.

साक्रीत घर लगेच सापडलं. ओट्यावर खाटेवर एक म्हातारी बसली होती, प्रेमराजची आई यशोदाबाई. आतून त्याची बायको दिपमाला आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. बोलणं मोजकं, नीटनेटकं.

"आईंना जिना चढवत नाही आता," ती म्हणाली. "शेडच्या जागी त्यांच्यासाठी खोली बांधतोय. म्हणून घाई केली, भाऊ."

"बठ्ठं सामान लई जा भाऊ," म्हातारी खाटेवरूनच हातानं सगळं न्यायची खूण करत अहिराणीत म्हणाली. "आते आमले त्यानं काय करनं शे?"

दिपमालानं शेडचं दार लोटलं. ताडपत्रीखाली लाल गाडी उभी होती. चारी टायर बसलेले, अक्षरं मात्र अजून लखलखत होती. नवलनं बॉनेट उघडलं.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा अर्धा भाग, काढून ठेवलेला होता. खालचा भाग ग्रीस लावून नीट झाकला होता. नवलनं कापड बाजूला केलं. टर्बो जिथे बसतो तिथे काहीच नव्हतं. काढून ठेवला असेल, असं वाटून तो वाकला. तेलाची नळी जोडायला जागाच नव्हती. त्यानं मोबाईलच्या उजेडात इंजिनावर ठोकलेली अक्षरं वाचली. ती त्याला पाठ होती. त्याच्या स्वतःच्या इंजिनावरही तीच होती.

मग त्याचं लक्ष पाइपांकडे गेलं. घरीच वाकवलेले. सायलेन्सर बदललेला. मागची सीट काढलेली. फळीवर जुना कॅमशाफ्ट गुंडाळून ठेवलेला. दीडशे किलोमीटरवर बसून हा माणूस तेच करत होता, त्याच क्रमानं. तेही बहुधा रविवारीच.

नवल तिथेच लाल गाडीच्या टायरला टेकून खाली बसला.

"काय झालं, भाऊ? खराब झालंय का?" दिपमालानं विचारलं.

खोटं सांगून पुढचं बोलणं टाळता आलं असतं. पण त्याला तेवढीही मेहनत नको होती. "वहिनी, ही टर्बो नाही. साधी आहे. माझ्यासारखीच."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

नवलनं वर पाहिलं.

"ती अक्षरं त्यांनी नाशिकहून करून आणली. जो तो विचारायचा ना. म्हणायचे, रोज नाही म्हणण्यापेक्षा एकदाच हो म्हणून टाकलं. त्याचा त्यांना पुढे त्रासच झाला. जळगावला एक पांढरी गाडी आहे म्हणायचे. त्या माणसाला भेटावं, विचारावं असं फार होतं मनात. पण तो बॉनेट उघडायला सांगेल, म्हणायचे. मग काय तोंड दाखवायचं? एकदा पारोळ्याला दिसलात तुम्ही. घरी आले तर जेवले नाहीत धड."

नवलला आपण का थांबलो नाही ते तिला सांगावंसं वाटलं, पण सांगायला गेल्यावर ते फारच पोरकट वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मीच थांबायला पाहिजे होतं."

"दोघांनीही," दिपमाला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. थकवा होता, शिक्षिकेचा असतो तसा.

ओट्यावरून म्हातारीचा आवाज आला. "काय म्हनतस ते? मना आंडोरनी, मना प्रेमराजनी गाडी टर्बो शे ना भाऊ? बठ्ठा गाव म्हने."

दिपमालानं नवलकडे पाहिलं नाही. तिनं ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

"शे ना माय," नवल मोठ्यानं म्हणाला. "एक नंबर शे."

"मंग!" म्हातारी म्हणाली. "जेवाले बलावं तं म्हने, दोनच मिनिट. रातदिन तठेच राहे." मग तिला रडू आलं आणि दिपमाला पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडे गेली.

जेवल्याशिवाय त्यांनी त्याला सोडलं नाही. भाकरी, शेवभाजी, कांदा. दुपारी शेजारच्यांचा ट्रॅक्टर लावून लाल गाडी शेडमधून बाहेर ओढली. ती जळगावला नवलकडे नेण्यासाठी भटू दोन दिवसांनी मोठी गाडी पाठवणार होता. नवलनं त्या दिवशी फक्त पोत्यात बांधलेलं हेड घेतलं. पिकअपमध्ये ठेवताना पाठीतून कळ गेली आणि तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला.

घरी आल्यावर हेड महिनाभर वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून होतं. लाल गाडी आली, तीही पत्र्याखाली उभी राहिली. सारिका म्हणाली, "एक पुरत नव्हती का?" तो म्हणाला, "बघू." सीझन होता, ट्रॅक्टरची इंजिनं रांगेत होती, आणि खरं म्हणजे त्याला त्या पोत्याकडे बघवत नव्हतं.

एका रविवारी त्यानं ते पोतं सोडलं. हवा आत घेणाऱ्या सहा वाटा होत्या, सहा सिलिंडरांच्या. त्यांतल्या चार प्रेमराजनं हातानं घासून रुंद केल्या होत्या. नवलनं बोट आत घातलं. कुठेही खडबडीत लागलं नाही, वळण इतकं सुबक की असं आपल्याला कधी जमलं नव्हतं हे त्यानं मनातल्या मनात कबूल केलं. पाचवी अर्धी झाली होती. तिथे पेन्सिलीची खूण होती. सहावीला हातच लागलेला नव्हता.

उरलेलं काम दुसऱ्या कोणी मशीनवर दोन तासांत उरकलं असतं. नवलला पाच रविवार लागले. थोडं घासायचं, मग चौथ्या वाटेत बोट घालून पाहायचं, मग पुन्हा थोडं. डोळे दुखायचे, मान आखडायची. एकदा जास्त घासलं गेलं असं वाटून त्यानं सगळं ठेवून दिलं आणि दुपारभर आडवा पडला.

पांढरी गाडी आता जास्त पळते का, ते त्याला सांगता येत नाही. प्रेमराजचं हेड तिला बसवल्यावर तो तरसोद फाट्यापर्यंत जाऊन आला. वरच्या गतीला ती जरा सलग ओढते असं वाटलं. नुसतं वाटलंही असेल. परतल्यावर त्यानं दिपमालाला फोन करून काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. तिकडे खोलीचा स्लॅब टाकला जात होता, मिक्सरचा गोंगाट चालू होता. "बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. त्याला पुढचं नीट ऐकू आलं नाही. त्यानं फोन ठेवला, हात रॉकेलनं धुतले आणि पाठीला शेक घ्यायला सारिकाकडून गरम पाण्याची पिशवी मागून घेतली.