पायात न राहिलेला वाळा

मी एक जुना वाळा आहे. बाळाच्या पायातला नव्हे, पाखराच्या. ज्वारीचा दाणा अडकेल एवढाच माझा घेर. कुठेही सांधा नाही, अंगावर साल आणि नंबर कोरलेला. मित्रांनो, आयुष्यात मी एकदाच पायात गेलो, आणि त्या दिवशी जेवढा भ्यालो तेवढा पुन्हा कधीच नाही.

इंग्लंडातल्या बॅटली गावात सिरिल ओल्डरॉइड यांच्या परसात जाळीचं पक्षिघर होतं. त्यात बुलफिंच पाखरांची जोडी राहायची. गुलाबी छातीचा नर, मातकट रंगाची मादी, दोघांच्या डोक्यावर काळी टोपी. त्या वर्षी चार अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. असं पाखरू प्रदर्शनात मांडायचं तर पायात माझ्यासारखा अखंड वाळा लागतो. ते रानातून धरलेलं नाही, घरीच जन्मलंय, याचा तो पुरावा. या पिल्लाला तो सहाव्या दिवशीच घालायला हवा होता. आदल्या दिवशी गळून पडला असता, दुसऱ्या दिवशी पंजाच आत शिरला नसता.

सिरिलनी मला मेणबत्तीवर धरून काळं केलं. कारण पाखराची आई घरट्यात चकाकणारं काही राहू देत नाही. घाण समजून ते चोचीत धरते आणि बाहेर भिरकावते. त्याला आपलंच लेकरू जोडलेलं आहे, हे तिला कुठून कळणार?

"नंबर लिहिलास का गं?" पिल्लू तळहातावर घेऊन सिरिलनी बायकोला विचारलं.

"मी कशाला लिहू? चष्मा तुझ्याच कपाळावर आहे," डॉरीन म्हणाली.

सिरिलनी मला बाहीवर घासलं, नंबर मोठ्यानं वाचला आणि तसंच पिल्लाच्या पायात चढवलं. तीन बोटं आधी, मग मागचं बोट काडीनं अलगद सोडवलं. पाय कोमट होता. आतली धडधड मला लागत होती. माझी काजळी मात्र त्यांच्या बाहीवर राहिली होती.

मला ओरडता येत नव्हतं.

आई आली. तिनं पिल्लाला भरवलं, मग मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मी अंग चोरायला गेलो, पण धातूला अंग चोरता येतं का? तिनं मला चोचीत धरलं, ओढलं. पिल्लाचा पाय ताणला गेला. पुढच्या क्षणी आम्ही दोघं खालच्या वाळूत होतो.

"सिरिल! ती घरटं झाडतेय!"

सिरिल धावत आले. डॉरीननं पिल्लू ओंजळीत घेतलं, त्यावर फुंकर घालत राहिली. ते हललं. सिरिलनी बोटानं मला पुन्हा काजळी फासली आणि पिल्लू घरट्यात ठेवलं. आई परत आली. तिनं मला पुन्हा ओळखलं.

या वेळी डॉरीनचा हात खालीच होता. पिल्लू त्यात पडलं.

"काढ तो वाळा."

"आज काढला तर परत कधीच चढायचा नाही. प्रदर्शनात मांडता येईल अशा पिल्लाची अकरा वर्षं वाट पाहतोय मी, डॉरीन."

"मग पाहा वाट! मेलेल्या पाखराला बक्षीस देतात का तुमच्याकडे?"

मी मनात म्हणत होतो, काढा, लवकर काढा. सिरिलनी बोटाला लोणी लावलं आणि मला उलटं सरकवलं. पंज्यापाशी मी अडलो. पिल्लू चिरकलं. डॉरीननं तोंड फिरवलं. मग मी सुटलो.

आई आली, पाहिलं, आणि पिल्लावर बसली.

नोव्हेंबरात प्रदर्शन भरलं. सिरिलनी प्रदर्शनासाठीचा, बाहेरून काळा, आतून पांढरा पिंजरा पुसून फळीवर ठेवून दिला आणि तिकडे जाऊन दुसऱ्यांचे पिंजरे मांडू लागले. कुणी हसलं, तर म्हणाले, "माझं पाखरू लाजाळू आहे. घरीच बसलंय."

मी त्या रिकाम्या पिंजऱ्याच्या खिळ्याला लटकतो. मित्रांनो, कुणा लहानग्याच्या पायात काही घालावंसं वाटलं, तर आधी ते त्याच्या आईच्या डोळ्यांनी पाहा. आता ते पाखरू समोर, पक्षिघरातल्या फांदीवर येतं, हलक्या किरकिऱ्या सुरात गातं. त्याचे दोन्ही पाय मी रोज पाहतो. उघडे आहेत. तेवढं दिसलं की माझी भीती जाते.